ओकुनिक्कोची तळी आणि धबधबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोतल्या मराठी घरांमध्ये भारतातून पाहुणे येणार असले की फुजीपाठोपाठ नाव निघतं ते निक्कोचं. बहुतेक जण सकाळची गाडी धरतात, तोशोगू देवस्थान बघतात, उरलेल्या दोन तासांत वर जाऊन केगोन धबधबा उरकतात आणि रात्री घरी परततात. इतक्या लांब येऊन वरचं पाणी असं घाईत बघितलं जातं, याची मला मनापासून हळहळ वाटते. पुढची उत्तरं वाचून एखाद्या कुटुंबाने जरी वर एक रात्र मुक्काम केला, तरी लिहिल्याचं चीज झालं.

ओकुनिक्को म्हणजे नेमका कुठला भाग?

निक्को हे तोचिगी प्रांतातलं गाव, टोकियोच्या उत्तरेला. देवळं-देवस्थानं आहेत ती पायथ्याशी, गावाला लागून. तिथून इरोहाझाका नावाचा घाट चढून वर गेलं की सुरू होतो तो ओकुनिक्को, म्हणजे आतलं निक्को. चुझेन्जी तळं, केगोन, रियूझू आणि युदाकी हे तीन धबधबे, सेन्जोगाहाराचं पाणथळ माळरान आणि शेवटी युनोको तळ्याकाठचं युमोतो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, हे सगळं या वरच्या पट्ट्यात येतं. हा सगळा भाग निक्को राष्ट्रीय उद्यानात मोडतो. उद्यान 1934 सालचं.

एवढी तळी आणि धबधबे एकाच ठिकाणी कसे?

ज्वालामुखींमुळे. नान्ताई हा 2486 मीटर उंचीचा डोंगर चुझेन्जी तळ्याच्या उशाशी उभा आहे. त्याच्या उद्रेकातला लाव्हा नदीच्या वाटेत आडवा आला, मागे पाणी तुंबलं आणि चुझेन्जी तळं तयार झालं. लाव्ह्याच्या त्या नैसर्गिक बांधावरून पाणी जिथे खाली कोसळतं तो केगोन. वर युनोकोचीही कथा अशीच. मित्सुदाके नावाच्या डोंगराच्या लाव्ह्याने पाणी अडवलं, तळं झालं, आणि त्या बांधावरून उतरणारा तो युदाकी.

सहल आखण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ही पाच-सहा वेगवेगळी ठिकाणं नाहीत. युनोकोतून निघालेलं पाणी युदाकीवरून उतरतं, युकावा नदी होऊन सेन्जोगाहारातून वळणं घेत जातं, रियूझूवरून घसरत चुझेन्जी तळ्यात मिळतं, तिथून केगोनवरून उडी घेतं आणि दाइया नदी होऊन निक्को गावातल्या त्या प्रसिद्ध लाल पुलाखालून पुढे वाहतं. पुढे ते किनुगावात आणि शेवटी तोने नदीत जातं. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, आधी बसने थेट वर युमोतोला जा आणि मग पाण्याबरोबर खाली या. पायांनाही उतार मिळतो आणि प्रत्येक ठिकाणाचा पुढच्याशी असलेला संबंधही आपोआप कळत जातो.

एका दिवसात होईल का?

केगोन, चुझेन्जीचा काठ आणि रियूझू एवढं होईल, पण तोशोगू सोडावं लागेल. देवस्थानंही बघायची आणि हेही, तर दोन दिवस काढा. माझी पसंती अशी: पहिल्या दिवशी दुपारपर्यंत देवस्थानं, संध्याकाळच्या आत बसने युमोतो, तिथेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी युनोकोच्या काठाने निघून युदाकी, सेन्जोगाहारा, रियूझू असं पायी. तिथून बसने केगोन आणि मग खाली स्टेशन.

टोकियोहून जायचं कसं?

सर्वांत सोयीची तोबू रेल्वे. असाकुसाहून तोबू-निक्कोला आरक्षित आसनांची जलद गाडी दोन तासांच्या आत पोचवते. हातात जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास) असेल तर शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने उत्सुनोमिया आणि तिथून जेआरची निक्को लाइन. दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत.

स्टेशनसमोरून बस. चुझेन्जी-ओन्सेन थांब्यापर्यंत सुमारे पाऊण तास, युमोतोपर्यंत सव्वा तासाहून थोडं जास्त. पास घेताना तोबूच्या दोन पासांमध्ये गल्लत करू नका. दोन दिवसांचा जागतिक वारसा क्षेत्राचा पास फक्त खालच्या देवस्थानांच्या भागापुरता आहे, तो घाटावर चालत नाही. वर जायचं असेल तर चार दिवसांचा ऑल एरिया पास घ्या. जलद गाडीचं जादा शुल्क दोन्हींत धरलेलं नाही, ते वेगळं भरावं लागतं. परतीच्या बसची वेळ वर गेल्या गेल्या थांब्यावर बघून घ्या. संध्याकाळनंतर बस लवकर विरळ होतात.

केगोनसाठी लिफ्टचं तिकीट काढावं का? वरून फुकट दिसतोच की.

काढाच. धबधबा 97 मीटर उंच आहे आणि वरच्या मोफत जागेवरून तो तिरका आणि थोडा लांबून दिसतो. लिफ्ट कातळातून 100 मीटर खाली नेते आणि एका थंड, ओलसर बोगद्यातून तुम्ही थेट धबधब्यासमोर येता. तिथे गेल्यावर सगळ्यांची नजर मधल्या जाड धारेवर जाते, आणि ते साहजिकच आहे. पण जरा वेळ तिथेच थांबून कड्याच्या मधल्या उंचीकडे बघा. लाव्ह्याच्या थरांच्या फटींतून पाण्याच्या अनेक बारीक धारा पडद्यासारख्या गळत असतात. तळ्याचं पाणी दगडातून झिरपत येऊन तिथे बाहेर पडतं. मुख्य धार आणि या बारीक धारा मिळून केगोन पूर्ण होतो, आणि या धारा नीट दिसतात त्या खालूनच.

धुकं असेल तर मात्र घाई करू नका. उन्हाळ्यात दुपारी ढग असे भरून येतात की समोरचा धबधबा फक्त ऐकू येतो. आधी वरच्या मोफत जागेवरून नजर टाका, काही दिसत असेल तरच तिकीट काढा. सकाळच्या वेळी दिसण्याची शक्यता जास्त.

आणखी एक प्रश्न नेहमी येतो: पाणी कधी कमी, कधी जास्त का? तळ्याच्या तोंडाशी दरवाजे आहेत आणि किती पाणी सोडायचं ते तिथून ठरतं. त्यामुळे हा धबधबा अगदी मोकळा वाहणारा नाही. केगोन, वाकायामातला 133 मीटरचा नाची आणि इबाराकीतला फुकुरोदा हे जपानचे तीन नामांकित धबधबे मानले जातात.

चुझेन्जी तळ्यावर बोटीत बसण्यापलीकडे काही आहे का?

पुष्कळ आहे, आणि लोक नेमकं हेच सोडून जातात. तळं समुद्रसपाटीपासून 1269 मीटरवर आहे, घेर सुमारे 25 किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी 163 मीटर. बोटी साधारण एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतात.

काठावरचं चुझेन्जी मंदिर जरूर बघा. परंपरेनुसार नान्ताई डोंगर पहिल्यांदा चढले ते शोदो शोनिन नावाचे बौद्ध भिक्षू, 782 साली. जमिनीत उभ्या असलेल्या जिवंत झाडातच त्यांनी सहस्रभुज कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती कोरली असं मानतात. 1902 च्या वादळात डोंगर घसरला आणि मूळ मंदिर तळ्यात वाहून गेलं. मूर्ती मात्र वाचली आणि आताच्या जागी नव्या मंदिरात तिची स्थापना झाली. वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर बघितलेल्या मराठी माणसाला इथे उभं राहून वेगळंच वाटतं. शतकानुशतकं स्त्रियांना या डोंगरावर यायला बंदी होती, ती 1872 साली उठली. खाली मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांची गर्दी बघताना मला हे दर वेळी आठवतं.

मंदिरापासून काठाने पुढे चालत गेलात की दोन जुनी घरं लागतात. एक ब्रिटिश दूतावासाचं. मुळात अर्नेस्ट सातो या मुत्सद्द्याने 1896 साली स्वतःसाठी बांधलेलं हे घर 2016 पासून लोकांसाठी खुलं आहे. दुसरं इटालियन दूतावासाचं, 1928 सालचं, वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांनी केलेलं. आत गेल्यावर आधी छताकडे बघा. देवदारासारख्या जपानी सुगी झाडाच्या सालीचे तुकडे पट्ट्यांमध्ये बसवून वेगवेगळी नक्षी केली आहे, कुठे चौकटी तर कुठे तिरप्या रेषा. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलं की समोर फक्त तळं. इथे मी माणसांना हटकून तासभर बसवतो.

तळ्यात पूर्वी मासे नव्हते, कारण केगोनचा कडा चढून मासा येणार कुठून? ट्राउटसारखे मासे माणसाने मेजी काळापासून (1868-1912) आणून सोडले. आज इथे दूरदूरहून लोक गळ टाकायला येतात. परवान्याशिवाय मासेमारी करता येत नाही.

रियूझू धबधबा छोटा आहे म्हणतात. थांबावं का?

उंचीने छोटा, लांबीने नाही. युकावा नदी इथे सुमारे 210 मीटर कातळावरून घसरत येते आणि शेवटी एका मोठ्या खडकाने दोन भागांत विभागली जाते. जपानी लोकांना त्यात ड्रॅगनचं डोकं दिसतं, नाव त्यावरूनच पडलं. खालचं दृश्य चहाच्या दुकानामागून दिसतं. सगळे तिथेच फोटो काढून निघतात. तसं करू नका, बाजूच्या पायऱ्यांनी वरच्या पुलापर्यंत जा. पाणी किती वेगात आणि किती उथळ कातळावरून धावतं ते वाटेत अगदी हाताच्या अंतरावर दिसतं. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काठावर जांभळट गुलाबी अझेलिया फुलतात. पानं रंगतात तीही या परिसरात सर्वांत आधी इथेच.

सेन्जोगाहारातून चालायला किती वेळ लागतो? वाट अवघड आहे का?

युदाकी ते रियूझू सुमारे अडीच तास, थांबत गेलात तर तीन. वाट जवळजवळ सपाट, बरीचशी लाकडी फळ्यांची. अवघड काहीच नाही, पण पावसानंतर फळ्या फार निसरड्या होतात. चपला-सँडल नकोत.

हे सुमारे 400 हेक्टरचं पाणथळ माळरान आहे. पूर्वी इथेही तळं होतं, ते भरत भरत दलदल झाली. पायाखालचा मऊ थर म्हणजे हजारो वर्षं न कुजता साठलेल्या वनस्पती. एका पावलाने झालेलं नुकसान भरून यायला फार काळ लागतो, म्हणून फोटोसाठीसुद्धा फळीवरून खाली उतरायचं नाही. मुलांना हे आधीच बजावून ठेवा. वाटेत जाळीचं कुंपण आणि त्यात ढकलून उघडायची दारं लागतात. हरणं आत शिरून रोपं खाऊ नयेत म्हणून ती केली आहेत. आपल्यामागे दार लावून घ्या. हा सगळा ओला पट्टा 2005 पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे.

जूनमध्ये इथे कापसाचे बोळे टोचून ठेवल्यासारखं गवत फुलतं, सप्टेंबरअखेर तेच माळ तांबूस सोनेरी होतं. गोष्टही आवर्जून सांगा, मुलं त्यावर रमतात: नान्ताईचा देव साप झाला, शेजारच्या आकागी डोंगराचा देव गोम झाला आणि चुझेन्जी तळं कोणाचं यावरून दोघांची लढाई झाली ती याच माळावर.

युदाकी आणि युनोको?

माझ्या लेखी ओकुनिक्कोतलं सर्वांत मोलाचं ठिकाण युदाकी. उंची 70 मीटर, पण पाणी सरळ कोसळत नाही, रुंद काळ्या कातळावरून फेसाळत उतरतं. पायथ्याच्या लाकडी कट्ट्यावर उभं राहिलं की तुषार चेहऱ्यावर येतात. बाजूच्या पायऱ्या चढून गेलं की एकदम शांत तळं समोर येतं. एवढं सगळं पाणी त्या स्थिर तळ्याच्या काठावरून निघालं आहे हे पटायला क्षणभर वेळ लागतो.

युनोको 1478 मीटरवर आहे. घेर जेमतेम तीन किलोमीटर, तासाभरात पूर्ण फेरी होते. युमोतोच्या बाजूला गंधकाचा वास लांबूनच येतो. गावामागच्या ओल्या मैदानात गरम झऱ्यांवर छोटी लाकडी छपरं घातलेली आहेत. तिथून नळांनी पाणी हॉटेलांमध्ये जातं. ते अंगावर घेतल्यावर दुधी दिसतं आणि चांदीचे दागिने काळे पाडतं, तेव्हा पैंजण-अंगठ्या खोलीत काढून ठेवा. सार्वजनिक स्नानगृहात कपड्यांशिवाय उतरावं लागतं. आपल्याकडच्या अनेकांना याचा संकोच असतो. त्यांच्यासाठी काही हॉटेलांत तासाच्या हिशेबाने कुटुंबापुरती वेगळी खोली मिळते, बुकिंग करताना विचारा. तेही नको असेल तर गावात मोफत पाय-स्नानाची जागा आहे. ती थंडीत बंद असते.

मे महिन्याच्या सुट्टीत जावं की दिवाळीत?

दोन्ही वेळा चांगल्या, पण अपेक्षा वेगळ्या ठेवा. मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला टोकियोत चेरी फुललेली असते तेव्हा इथे वर झाडं उघडी असतात आणि सावलीत बर्फही सापडतो. मे उजाडला की वरची चेरी, मग कोवळी पालवी आणि अझेलिया.

दिवाळीचा हिशेब तारखेवर आहे. रंग वरून खाली उतरत येतो: रियूझू आणि युनोको सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, चुझेन्जी आणि घाट ऑक्टोबरच्या मध्यापासून अखेरपर्यंत, निक्को गाव नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तळ्याकाठी लाल-पिवळा रंग मिळेल. नोव्हेंबरात आली तर वर फांद्याच दिसतील, रंग खाली देवस्थानांच्या आवारात बघा. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी घाटात वाहनांची इतकी रांग लागते की बसला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो. आठवड्यातला मधला दिवस निवडा, आणि सकाळची पहिली बस धरा.

थंडीत जाण्यात अर्थ आहे का?

थंडी सोसत असेल तर आहे. केगोनच्या बाजूच्या बारीक धारा गोठून निळसर बर्फ होतो आणि मधली धार वाहत राहते. घाट आणि बस वर्षभर चालू असतात. मात्र वर तापमान शून्याखाली असतं, बोटी बंद आणि सेन्जोगाहारात बर्फावर चालायचे खास जोड लागतात. एरवीही टोकियोपेक्षा इथे आठेक अंश कमीच धरा. ऑगस्टात संध्याकाळी स्वेटर लागतो.

सोबत आई-बाबा आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे. काय जमेल?

केगोनची लिफ्ट (खाली थोड्या पायऱ्या आहेत, पण पहिल्या पातळीवरूनही छान दिसतं), चुझेन्जीची बोट, रियूझूचं खालचं दृश्य, युनोकोच्या गावाकडचा काठ. सेन्जोगाहारा पूर्ण चालू नका, आकानुमा थांब्यावर उतरून थोडं आत जाऊन परत या. घाटातल्या आकेचिदाइराचा रोपवेही त्यांना नक्की दाखवा. तीन मिनिटांत वर, आणि तिथून तळं, धबधबा आणि नान्ताई एकाच नजरेत येतात.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

निक्कोची खासियत युबा, म्हणजे सोयाच्या दुधावर धरणारी साय. ऐकायला शुद्ध शाकाहारी, पण ज्या रश्शात ती शिजते त्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. सोबा म्हणजे बकव्हीटच्या शेवया, त्यांच्या रश्शाचंही तेच. कडक पाळणाऱ्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. तोबू-निक्को स्टेशनजवळ युबा घालून केलेला तळलेला मांजू म्हणजे गोड सारणाचा बन मिळतो, आत अझुकी या लाल चवळीसारख्या कडधान्याचं सारण आणि वरून मीठ. रियूझूच्या चहाच्या दुकानात दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे मिळतात. मुक्कामाच्या हॉटेलला जेवणाबद्दल आधी लिहून कळवा. आणि पिशवीत ठेपले, भडंग, लाडू असू द्या. वर दुकानं मोजकी, तीही लवकर बंद होतात. कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीत, कागद-पिशव्या बरोबर परत न्याव्या लागतात.

अस्वलं आणि माकडांची भीती आहे का?

काळी अस्वलं या रानात आहेत. पायी जाणारे पाठीच्या पिशवीला छोटी घंटा लावतात, तुम्हीही लावा, आणि निघण्यापूर्वी युमोतोच्या माहिती केंद्रात वाटेची चौकशी करा. माकडं घाटात आणि तळ्याकाठी दिसतात. त्यांना खायला घालायला निक्कोत 2000 सालापासून कायद्याने मनाई आहे. हातात खाऊची पिशवी लटकवत चालू नका, एवढं पाळलं की पुरे.

आम्ही सह्याद्रीतले धबधबे पाहिलेत. इथे नवीन काय?

आपले धबधबे पावसाळ्याचे. जुलै-ऑगस्टात कड्याकड्यावरून कोसळतात आणि डिसेंबरपर्यंत बरेचसे आटतात. इथे प्रत्येक मोठ्या धबधब्याच्या पाठीशी एक तळं किंवा दलदल पाणी धरून बसलेली आहे, म्हणून धार बारा महिने टिकते. आपला बेसाल्टही लाव्ह्याचाच, फक्त कित्येक कोटी वर्षं जुना. इथला लाव्हा त्या मानाने कालपरवाचा. सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला हा फरक इथे जास्त भिडतो, असा माझा अनुभव आहे.

वर जायला वेळच नसेल तर गावाजवळ काही?

किरिफुरी धबधबा, 75 मीटर, बसने आणि थोडं चालून. दुसरा उरामी. पूर्वी त्याच्या धारेमागे जाऊन उभं राहता यायचं. कवी बाशो 1689 साली तिथे गेला होता आणि त्यावर त्याने हायकू लिहिली. 1902 च्या त्याच वादळी वर्षात वरचा खडक ढासळला आणि मागची वाट गेली. आता समोरून बघायचा.

गाडी भाड्याने घेतली तर?

मे-जून किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला आनंदाने घ्या, ऑक्टोबरात टाळा. भारतातून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो. थंडीत बर्फाचे टायर लागतातच, आणि युमोतोच्या पुढचा शेजारच्या गुन्मा प्रांताकडे जाणारा कोन्सेई घाट तेव्हा बंद असतो. इरोहाझाकाला मिळून 48 वळणं आहेत आणि चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी. ज्यांना गाडी लागते त्यांनी चढण्यापूर्वी गोळी घ्यावी. आकेचिदाइराचा रोपवे चढत्या रस्त्यावर आहे, उतरताना तिथे थांबता येत नाही. तो जाताना बघून घ्या.